गाठीतला आंबटपणा

माझ्या मांडीत गाठ निघाली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच पालुपद होतं, पाय कापायला नको. उंबरमाळी गावाच्या वरच्या अंगाला आमचं घर, भाताची दोन खाचरं, आणि आवणी-कापणी सगळी माझ्या जिवावर. पाय गेला तर ही बाई बसून खाणार, असं कुणी तोंडावर बोललं नाही एवढेच उपकार.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून त्यांनी सांगितलं, अशा गाठी आतून आंबट होतात. फार आंबट असेल तर जे औषध द्यायचंय ते आत लागू पडत नाही, मग पाय काढल्याशिवाय जीव वाचत नाही. आंबट नसेल तर औषधावर भागेल. हा आंबटपणा गाठीत सुई न खुपसता, चुंबकाच्या मशीनमध्ये झोपवून बाहेरूनच मोजता येतो का, ते त्या काही पेशंटवर बघत होत्या. आधी गाठीचा तुकडा काढायला घातलेल्या जाड सुईने माझे प्राण कंठाशी आले होते. मी लगेच हो म्हटलं.

आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून नवरा मला सकाळ-संध्याकाळ पेलाभर गढूळ पाणी द्यायला लागला. मुरबाडच्या नणंदेने काढा सांगितलाय म्हणाला.

"कसला हो काढा?"

"पी गो. सगळं विचारायचं नसतं."

मी नाक दाबून प्यायले. कडू गोळ्यांनी तोंड तसंही कडूच असायचं.

मग तपासणीचा दिवस आला. मला त्या नळकांड्यात सरकवलं. हातात रबरी फुगा दिला, फारच असह्य झालं तर दाबा म्हणाले, पण हललात तर फोटो बिघडेल. नसेतून फोटोसाठीचं औषध सोडलं आणि मशीन पत्रा बडवल्यागत सुरू झालं. छत नाकाला लागतंय की काय असं वाटत होतं. डाल्याखाली कोंबडी झाकावी तशी मी आत पडून होते. माणसाला असं कोंडून वर म्हणायचं, शांत राहा!

आडवं पडल्यामुळे पोटातलं वर आलं. एक ढेकर, आणि तोंडात राखुंडीची चव. चुलीच्या राखेने जन्मभर दात घासलेत मी, ती चव मला कळणार नाही? ओढ्याकाठचं आमचं खाचर आंबट आहे म्हणून नवरा दरवर्षी त्यात राख फेकतो. तीच मेल्याने पाण्यात कालवून मला पाजली होती.

अंगाचा तिळपापड झाला, पण हलायची सोय नाही. रडावं तर छाती हलणार. राखेने गाठीत काही फरक पडला असेल का, मला काय ठाऊक. पण पडला असेल आणि मशीनने गाठ बरी दाखवली, तर पाय राहील, औषध फुकट जाईल आणि मी जाईन. सांगावं तर चारचौघांत नवऱ्याची शोभा, आणि बहुतेक पायही गेला. इकडे आड, तिकडे विहीर. मी खूप घाबरले होते. मग फुगा दाबला, आणि बाहेर काढल्यावर राखेचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई नवऱ्याला ओरडल्या नाहीत. राखेने काय होतं ते मलाही सांगता येणार नाही, म्हणाल्या, पण या तपासणीवरून मी पायाचं ठरवणार नाही. ते पाणी बंद करा आणि पुन्हा या. पुन्हा गेले, पुन्हा त्या नळकांड्यात पडले. गाठ आंबटच निघाली, चांगली आंबट. म्हणजे पाय जाणार.

बाहेर बाकड्यावर मी नवऱ्याला धरलं. इतके दिवस गिळलेलं सगळं तोंडावर आलं.

"मशीनला फसवायला राख पाजलीत ना? आवणीला पाय राहिला म्हणजे झालं, मी मेले तरी चालंल?"



"फसवायला नाय गो," म्हणाला. "राख टाकली की खाचर सुधारतं. मला वाटलं, तू बी सुधारशील."

आणि गाठ निघाल्यापासून ज्या मांडीला त्याने भीतीने बोट लावलं नव्हतं, तिच्यावर त्याने हात ठेवला. दुखत होतं. पण पाय अजून माझा होता, म्हणून हात राहू दिला.