दहा बोल्टांचं गाऱ्हाणं

जगातली प्रत्येक गोष्ट मधून बाहेर, आडवी-तिडवी आणि तीन फेऱ्यांत घट्ट करायची असते, असं मानणारा एकच माणूस मी पाहिलाय, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नशिबी आला. आमच्या भावोजींचं कणकवलीजवळ नांदगावला हायवेच्या कडेला, घराला लागूनच गॅरेज होतं. उभा जन्म इंजिनांची हेडं बसवण्यात गेला. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये पाणी आणि तेल वेगळं ठेवणारा, गास्केट नावाचा पातळ पत्रा असतो, आणि बोल्ट आवळताना मधल्यापासून कडेला जायचं, तेही एका दमात नाही, तीनदा फिरून, असा नियम आहे. इतर मेकॅनिक तो इंजिनापुरता पाळतात. भावोजींनी तो संसाराला लावला. चतुर्थीला गणपतीवरची माटवी, म्हणजे फळं-नारळ टांगायची चौकट, बांधायचं काम त्यांना कोणी सांगत नाही. पहिल्या फेरीत नारळ नुसते लटकवायचे, दुसऱ्या फेरीत गाठी निम्म्या ओढायच्या, तोवर भटजी पुढच्या घरची पूजा उरकून परत येतात. अक्का म्हणते, "माका बघूक इले तेवाच कळला होता. ह्येंनी पोहेसुद्धा मधसून खाल्ल्यानी."

गॅरेज बंद केल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात. भावोजींनी पासष्टाव्या वर्षी जुन्या जीपला टर्बो बसवला आणि पावसाळ्यातल्या चिखलाच्या शर्यतीत उतरले. असल्या इंजिनात दाब भलताच, त्यामुळे दर शर्यतीआधी इंजिन उघडायचं, आणि हेड परत बसवण्याचा दिवस म्हणजे घरचं कार्य. बोल्टांच्या भोकात तेलाचा थेंब राहू नये म्हणून अक्काच्या सुती साड्यांच्या चिंध्या व्हायच्या, त्यातली एखादी अजून नेसायची असायची. "गास्केटाक दुसरो चान्स नसता रे," ते म्हणायचे. "तो फक्त माणसाक."

मग गाऱ्हाणं, म्हणजे आमच्याकडे कामाआधी देवाला मोठ्यानं घालतात ते साकडं. हे मात्र अलीकडच्या पाचसहा वर्षांतलं. भावोजी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की 'टक्' करून 'आता पुरे' सांगणारा पाना, कपाळाला लावून म्हणत, "बा देवा म्हाराजा, आज ह्या गास्केट बसता हा, तेची राखण कर! पाण्याक तेलाची भेट होवंदे नको, तेलाक पाण्याची होवंदे नको!" आणि प्रत्येक बोल्टाच्या 'टक्'ला हजर असलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. दहा बोल्ट, तीन फेऱ्या, तीस वेळा. हायवेवरची माणसं जत्रा समजून थांबत. मी मनात म्हणायचो, म्हातारपणी भावोजींना देव आठवला.

गेल्या पावसाळ्यात अक्का चार दिवस आरोंद्याला माहेरी आली होती आणि भावोजींनी एकट्यानंच हेड बसवलं. भर शर्यतीत जीपमधून पांढरी वाफ निघाली. तेलात पाणी शिरून त्याचा दुधाळ चहा झाला होता. हेड उघडलं तर बोल्ट नको तितके आवळल्यामुळे ताणले जाऊन मानेशी बारीक झालेले. भावोजींनी पाना खिळ्याला टांगला. "हात गेलो माझो," म्हणाले. "जीप इकून टाकतंय."

अक्काचा मला फोन आला. एरवी तिचा आवाज हायवेपर्यंत जातो, त्या दिवशी कुजबुजत होती. "अरे, त्यांका 'टक्' ऐकाक येणा नाय. साखरेच्या दुखण्यान बोटांकय कळणा नाय. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणतांव, तेवा ते थांबतत. माका म्हायत आसा ह्या त्यांका बोलू नको हां!" फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं त्या माणसाच्या अडचणीला मी हसत आलो होतो.

रविवारी मी कणकवलीहून नवं गास्केट आणि दहा नवे बोल्ट घेऊन गेलो. "भावोजी, गाऱ्हाणा घालूक इलंय."

त्यांनी एक बोल्ट उचलून उजेडात फिरवून बघितला. मग म्हणाले, "चिंधी हाड." मी धावत जाऊन चिंधी आणली.

अक्का मुद्दाम स्वयंपाकघरात राहिली. मी पान्याशी कान लावून बसलो. टक्, व्हय म्हाराजा. टक्, व्हय म्हाराजा. एकोणतीस झाले. तिसाव्याला 'टक्' झालं, आणि मी भावोजींच्या चेहऱ्याकडे बघत म्हणायचंच विसरलो. भावोजींचा हात तसाच दाब देत पुढे निघाला.

"व्हय म्हाराजाऽऽ!" आत कान लावून बसलेली अक्का ओरडली. हात जागीच थांबला.

"गाऱ्हाण्यात लक्ष खंय आसता रे तुझा?" भावोजी मला रागावले. पाना पुसताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

संध्याकाळी पाणी-तेल भरून जीप चालू केली. वाफ नाही, काही नाही. इंजिनाबद्दल दुसऱ्याचं मत विचारणं म्हणजे कमीपणा, असं मानणारा हा माणूस बॉनेटवर हात ठेवून उभा होता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कसा बोलता रे इंजिन?"

"बरा बोलता, भावोजी," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हटलं.