गालातलं शिसं

माझे सासरे जाळ्याला शिसं लावायला बसले की त्यांच्याशी बोलायची सोय नसायची, कारण त्यांचा गाल भरलेला असायचा. पान-तंबाखूने नव्हे, शिशाच्या तुकड्यांनी. फेकायचं जाळं गोल असतं, त्याच्या काठाने दोरी ओवलेली असते आणि त्या दोरीला वजन नसेल तर जाळं पाण्यावर नुसतं पसरून राहतं, मासे खालून निघून जातात. म्हणून भंगारवाल्याकडून शिसं आणायचं, दगडावर हातोडीने ठोकून पातळ करायचं आणि कात्रीने त्याचे चिंचोक्यापेक्षा लहान तुकडे कापायचे. मग एकेक तुकडा दोरीभोवती गुंडाळायचा आणि दातांनी चावून पक्का करायचा. दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले, म्हणून पुढचे तुकडे गालात धरून ठेवायचे. भातसा नदीच्या काठी आमच्या गावात सगळे पुरुष असंच करतात. घरात पकड आहे, पण पकडीने दोरी तुटते असं त्यांचं ठाम मत. दातांना कळतं म्हणे कुठे थांबायचं ते.

मी मूळची मुरबाडकडची, सिद्धगडच्या पायथ्याची. आमच्याकडे ओहोळात टोपली लावून मासे धरतात, त्याला वजन लागत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांना शिसं चावताना पाहून माझ्या दातांना कळ आली होती. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हेच तर वाईट आहे.

ती मे महिन्यातली सकाळ. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला होता, शेतात काही काम नव्हतं. पाऊस लागला की मासे नदीतून ओहोळात आणि ओहोळातून थेट भाताच्या खाचरात चढतात, त्याला वलगण म्हणतात. वलगणीच्या आधी जाळं तयार हवं म्हणून सासरे ओटीवर बसले होते. गेल्या वर्षी त्यांचं जाळं नीट उघडलंच नव्हतं. हातातून सुटताना गोल व्हायच्या ऐवजी ते दुमडून पडायचं. चहाचा कपही हातातून निसटायचा. वय झालं, असं आम्ही म्हणायचो. त्यांना ते आवडायचं नाही. शिसं कमी पडतंय, या वर्षी जास्त लावतो, असं म्हणून त्यांनी जुनी सगळी वजनं काढून नवी लावायला घेतली होती.

माझी मुलगी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. ती अंगणवाडीत जायची, सुट्टी होती. सासूबाई नाहीत, नवरा भिवंडीकडे गोदामात कामाला, म्हणून दिवसभर या दोघांची जोडी. मी आत तांदूळ निवडत होते. ती आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, मी गिळलं."

"काय गिळलंस?"

"आज्याचं."

आज्यासारखा तिनेही गाल भरला होता, त्याला मदत करायला. त्याने मागितलं की एकेक काढून द्यायचं, असं तिच्या डोक्यात होतं. मी सूप टाकून ओटीवर धावले. सासऱ्यांनी गालातलं शिसं हातावर काढलं आणि म्हणाले, "पडंल गो सकाळपर्यंत. शिसं मऊ असतं, टोचत नाय. लोखंड नाय ते गंजायला."

मला ते पटलं. टोचत नाही, गंजत नाही, मग काय करणार? गावातल्या डॉक्टरांनीही पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, मुलं नाणी गिळतात, आपोआप पडतात. आईला फोन केला तर ती म्हणाली, "केळी चार तिला, नि भेंडीची भाजी कर गुळगुळीत. उगा घाबरू नको." मी केळी चारली. भेंडी केली. आणि दुसऱ्या दिवसापासून तिची शी जुन्या चाळणीत घेऊन त्यावर पाणी ओतायला लागले. शिसं जड, पाण्याने सगळं वाहून जाईल आणि ते तेवढं तळाशी राहील. चाळणीत आंब्याचा दोरा राहिला, भेंडीचं बी राहिलं. शिसं नाही. रोज पाणी ओतायचं, रोज काडीने चिवडायचं आणि रोज चाळणी रिकामी. पुढे पुढे ती समोर येऊन विचारायची, "आलं?" मी नाही म्हटलं की तिचा चेहरा पडायचा, जणू तिनेच काही चुकवलं होतं.

मग तिने जेवण सोडलं. पोट धरून बसायची, खाल्लेलं उलटून टाकायची. रात्रंदिवस बडबड करणारी पोर गप्प झाली आणि मी गोदामात नवऱ्याला फोन केला. तो पहिलं काय म्हणाला, तर "बाबांना काय बोलू नको." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुझी पोर ओकतेय आणि तुला बाबांची पडलीय? फोन आपटला आणि शेजारच्यांची पिकअप मागितली. सासरे न सांगता पुढे चालकाच्या शेजारी जाऊन बसले. मी त्यांना उतरा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही.

शहापूरला पोटाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला तेव्हा माझ्या मुलीच्या बरगड्या धुरकट दिसत होत्या आणि त्यांच्या खाली दोन ठिपके, पांढरेशुभ्र. सासरे मागून म्हणाले, "माझेच हायत." जसं काही ओळख पटवायला आले होते.

"हे शिसं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. "आणि इतके दिवस तुम्ही वाट बघत बसलात?"

त्यांनी मला समजावलं ते मी आजही शब्द न् शब्द सांगू शकते. शिसं जड, म्हणून ते पोटाच्या तळाशी बसतं, पुढे सरकत नाही. पोटातल्या आम्लात ते थोडं थोडं विरघळतं आणि रक्तात जातं. ते विष आहे. मोठ्या माणसालाही विष, आणि लहान मुलाच्या तर मेंदूत जातं. मऊ असतं म्हणून टोचत नाही हे खरं, पण न टोचता जे करायचं ते करतं. ताबडतोब ठाण्याला न्या, म्हणाले, आज, आत्ता.

शहापूरपासून ठाण्यापर्यंतचा रस्ता मला एरवी पाठ आहे. त्या दिवशी तो संपेना. भिवंडीच्या अलीकडे कंटेनर एकामागे एक उभे, पुढे काय झालंय कोणाला माहीत नाही, ऊन पत्र्यातून खाली उतरतंय. पोर माझ्या मांडीवर. मी तिचं पोट हाताने धरून बसले होते, हलवू नये म्हणून, जणू ते हलल्याने जास्त विरघळणार होतं. मी किंचाळले, हॉर्न वाजवा! चालक म्हणाला, "ताई, वाजवून काय, पुढं जागा नाय." मी दार उघडून खाली उतरले आणि समोरच्या ट्रकवर हाताने थापा मारल्या. त्या ट्रकवाल्याने आरशातून पाहिलं आणि हात जोडले. तोही अडकलेलाच. मी तिथे, रस्त्याच्या मधोमध, देवाला शिव्या दिल्या. परत गाडीत चढले तेव्हा सासरे पुढच्या काचेकडे तोंड करून रडत होते. मला त्यांची कीव आली नाही. मला वाटलं, रडा, अजून रडा.

ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला भूल देऊन, तोंडातून नळी घालून दोन्ही तुकडे काढले. नवरा तोवर पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी ते तुकडे बाटलीत घालून दाखवले. सासरे कापतात तेव्हा त्यांची कड साफ असते. या तुकड्यांची कड कुरतडल्यासारखी झाली होती, आणि जे कमी झालं होतं ते माझ्या मुलीत होतं.

रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. औषधं सुरू झाली. बाईंनी मुलीला आ करायला लावलं आणि बॅटरीने हिरड्या बघितल्या. "रेघ नाही," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं शिसं अंगात जात असेल तर हिरडीच्या कडेला काळी-निळी रेघ येते. हिला नाही, चांगलं आहे." मी विचारलं, पूर्ण बरी होईल ना? शिकेल ना नीट? त्या खोटं बोलल्या नाहीत. रक्तातलं हळूहळू कमी होईल, म्हणाल्या, बाकीचं आत्ता सांगता येणार नाही, मोठी होईल तसं कळेल. घरात शिसं ठेवू नका.

घरी आल्यावर सासऱ्यांनी जाळ्याची सगळी वजनं कात्रीने काढली. बोटं नीट चालत नव्हती, कात्री सारखी पडायची. मी उचलून दिली नाही. डब्यात भरलेलं शिसं घेऊन ते नवऱ्याला म्हणाले, "कुठं टाकू? पुरलं तर भातात येईल. नदीचं पाणी मुंबईला जातं, तिथं टाकलं तर सगळ्या मुंबईला पाजल्यासारखं व्हईल." शेवटी ज्या भंगारवाल्याकडून आणलं त्यालाच दिलं. तो ते आणखी कोणाला तरी विकेल.

पाऊस लागला, वलगण आली. गावातले लोक जाळी घेऊन खाचरांकडे पळाले. आमचं जाळं खुंटीला हलकं होऊन लोंबत राहिलं. मी सासऱ्यांशी बोलत नव्हते. ताट पुढे सरकवायचे आणि आत जायचे. नवरा मध्ये पडला की त्यालाही ऐकवायचे. आणि दिवसभर पोरीवर नजर. तिला वार पाठ होते, एकदा गुरुवार विसरली. मी रात्रभर जागी. लहान आहे म्हणून विसरली की शिशाने विसरली, हे मला कोण सांगणार? पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं करत मी तिला रडवलं. दर थोड्या वेळाने तिचं तोंड उघडून बघायचे. गाल, जिभेखाली, पुन्हा गाल. तिच्या तोंडात बोट घातल्याशिवाय मला घास उतरत नव्हता.

परवा संध्याकाळी मी तिची वेणी घालायला कंगवा घेऊन ओटीवर गेले. ती आज्याच्या शेजारी बसली होती. मी जवळ गेले, इतकंच. हात लावला नाही, बोलले नाही. तिने मान वर केली, डोळे मिटले आणि मोठ्ठा आ केला. मग जीभ उचलून दाखवली. मग बोटाने एक गाल ओढला, मग दुसरा. सगळं शहाण्यासारखं, क्रमाने.

"झालं," ती म्हणाली. मग आज्याकडे वळली. "आता तू कर. आई बघते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला नको म्हणायचं होतं. पण ते तिचं कधीच मोडत नाहीत. त्यांनी उजेडाकडे तोंड करून आ केला, आणि नातीने केलं तसंच थरथरत्या बोटाने ओठ खाली ओढला.

गालात काही नव्हतं. खालच्या हिरडीच्या कडेने, दातांच्या मुळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी-निळी रेघ होती.

"हाय का काय?" त्यांनी ओठ धरूनच विचारलं.

मी कंगवा खाली ठेवला आणि त्यांच्या समोर बसले. "बाबा," मी म्हटलं, आणि ओठ धरलेला त्यांचा हात माझ्या हातात घेतला.