अणुकाकांनी टाळलेलं वाक्य

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या मराठी घरांत दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं एक वाक्य अणुकाकांच्या तोंडून आम्ही कधीच ऐकलं नव्हतं : 'काही होत नाही.' माझा मुलगा सायकलवरून पडून भोकाड पसरून बसला, तेव्हा आम्ही सगळे तेच म्हणत होतो. काकांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, "हाड ठीक वाटतंय. पण मी डॉक्टर नाही. एक्स-रे काढून घे." मला रागच आला. धीराचे दोन शब्द बोलायला जीभ झिजते का माणसाची?

अणुकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं. काका निवृत्त इंजिनियर. नोकरीची सुरुवात इंग्लंडात, समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात. त्या काळी तिकडे शाळांच्या, महिला मंडळांच्या बसच्या बस केंद्र बघायला यायच्या. हेल्मेट घालून फोटो, वर चहा आणि केक. माहिती सांगायला तरुण, हसऱ्या काकांना उभं करत. "पाच वर्षं मी एकच वाक्य बोललो," ते एकदा मला म्हणाले. "काही होत नाही. आणि मला ते खरं वाटायचं गं."

मग केंद्रातून किरणोत्साराची गळती झाली. आसपासच्या गायींचं दूध कोणी घेईना. गावच्या सभेत शेतकऱ्यांच्या बायका भडकलेल्या. काकांनी भाषण केलंच नाही. सहा महिन्यांच्या गरोदर काकूंना स्टेजवर बोलावलं आणि 'काही होत नाही' म्हणत तिथल्याच दुधाचा ग्लास त्यांच्या हातात दिला. काकू नवऱ्याकडे बघून हसल्या आणि प्यायल्या. टाळ्या पडल्या.

मुलगी झाली. सहाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेली.

"संबंध सिद्ध झालेला नाही," काका सांगत. सगळे कागद त्यांनी वाचले होते. ते खोटं बोलत नव्हते. काकूंनीही त्यांना कधी दोष दिला नाही. फक्त त्यांच्या घरी चहा कोरा मिळायचा, पाहुण्यांनासुद्धा. "आमच्याकडे दूध नसतं हो," काकू सहज म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकूंचं दुखणं हाताबाहेर गेलं. मी डबा घेऊन हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना ठेवतात तिथे, गेले, तर त्या काकांचा हात धरून म्हणत होत्या, "अहो, भीती वाटते. एकदा म्हणा ना, काही होत नाही." काकांचे ओठ हलले. "डॉक्टर म्हणाले, औषधाचा डोस वाढवता येईल." काकूंनी डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "काका, म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

"मागे म्हटलं होतं," काका म्हणाले, "तेव्हा तिने विश्वास ठेवला होता."

तीन दिवसांनी काकू गेल्या. इथे चिता पेटवायची म्हणजे एक बटण दाबायचं, आणि तेही घरच्या माणसाने. काकांच्या सोबतीला मी शेजारी उभी होते. बटणापर्यंत नेलेला हात त्यांनी मागे घेतला. शवपेटीपाशी गेले, वाकले आणि काकूंच्या कानाशी हळूच म्हणाले, "काही होत नाही गं."

मग परत आले आणि बटण दाबलं.