गोठलेला पंखा

क्लिफर्ड हॅक्सबीला माणसांपेक्षा विमानं जास्त कळायची. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या साखर कारखान्यात त्याने एकोणचाळीस वर्षं साखरेसाठीचं बीट धुतलं आणि सुटीचा प्रत्येक दिवस थॉर्नबीच्या धावपट्टीच्या कुंपणाशी, छोट्या शिडीवर उभं राहून, महायुद्धातल्या विमानांचे फोटो काढण्यात घालवला.

कुंपणावर एकच धर्म पाळला जायचा: फोटोत विमानाच्या नाकावरचा पंखा फिरताना दिसला पाहिजे. त्यासाठी कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवायचा आणि विमानाबरोबर अंग वळवत बटण दाबायचं. हात स्थिर असेल तर विमान रेखीव येतं आणि पंख्याच्या जागी धुरकट चकती. वेग वाढवला की काम सोपं होतं, पण पाती जागच्या जागी गोठतात आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. हा धर्म क्लिफर्डनेच आणला होता आणि तोच तो सगळ्यांना दंडुक्याने पाळायला लावायचा. ऑब्रे प्लमर हा पोस्टमन नवा आला तेव्हा त्याच्या फोटोत पाती गोठलेली असायची. क्लिफर्डने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय रे, ही विमानं तू छताला लटकवतोस, की बायको हातात धरून उभी राहते?" ऑब्रेने दोन वर्षं ही थट्टा गिळली आणि मग शिकला. पुढे एकवीस वर्षं दोघांच्या शिड्या शेजारी शेजारी लागल्या. ऑब्रेच्या डब्यातलं चीज-लोणच्याचं अर्धं सँडविच न विचारता क्लिफर्डचं असायचं.

मग क्लिफर्डचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरने सांगितलेलं रोगाचं नाव त्याने घरीसुद्धा सांगितलं नाही. कमी वेगात आता फोटोत नुसता चिखल यायचा. म्हणून ऑगस्टमधल्या त्या शनिवारच्या विमान प्रदर्शनात त्याने शिड्यांच्या रांगेकडे पाठ करून कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेला. चोरी करताना वाटावी तशी लाज त्याला वाटली. घरी जाऊन संगणकावर पंखा खोटा फिरवून घेऊ, असं त्याने ठरवलं होतं.

स्पिटफायर हे महायुद्धातलं लढाऊ विमान घेऊन रोझमंड क्रेक वर गेली. ही बाई कुंपणवाल्यांची लाडकी. बाकीचे वैमानिक महागड्या तिकिटाच्या तंबूसाठी उडायचे. ही मात्र शेवटची एक फेरी खास कुंपणासाठी घ्यायची, विमान कलतं करून, त्याची अख्खी पाठ कॅमेऱ्यात यावी म्हणून.

पहिल्या फेरीत क्लिफर्डने फोटो काढला आणि सवयीने, ओंजळीचा आडोसा करून, मागच्या पडद्यावर पाहिला. प्रत्येक फेरीनंतर तो असंच करायचा. लाकडाची चारही पाती लख्ख गोठली होती. तीन धड होती. चौथ्याच्या टोकाशी कडेची पितळी पट्टी उसवून बाहेर आली होती, जुन्या बुटाचा तळ सुटतो तशी.

वीस पावलांवर पिवळ्या जाकिटातला स्वयंसेवक रेडिओ घेऊन उभा होता. क्लिफर्ड शिडीची एक पायरी उतरलासुद्धा. पण फोटो दाखवावा लागला असता, आणि रांगेतली सगळी डोकी त्यावर वाकली असती. ऊन चमकलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. आता उतरेलच ती.

"काय रे, बरा आला का?" ऑब्रेने विचारलं.

"ठीक आहे," म्हणत क्लिफर्डने पडदा बंद केला आणि पायरी परत चढला.

ती उतरली नाही. कुंपणासाठीची फेरी राहिली होती ना. विमान कलतं झालं, सगळे कॅमेरे कडकडले, आणि पात्याचा तुकडा उडाला. हादरणारं विमान रस्त्यापलीकडच्या बीटच्या शेतात गेलं. रोझमंड क्रेक तिथेच संपली.

दहा दिवसांनी चौकशी अधिकाऱ्याने कुंपणवाल्यांना फोटो घेऊन गावच्या सभागृहात बोलावलं. त्याने शेकडो फोटो पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाला, फार सुंदर आहेत, पण प्रत्येकात पंख्याच्या जागी धूर आहे. जास्त वेगात कोणीच काढला नाही का?  शेवटी ऑब्रे म्हणाला, "पूर्वी मी तसेच काढायचो, साहेब. सोडलं नसतं तर बाई का गेली, ते तरी आज कळलं असतं." त्याने क्लिफर्डकडे पाहिलंसुद्धा नाही. तो स्वतःलाच दोष देत होता.

ते क्लिफर्डला सोसवलं नाही. याला मी सद्बुद्धी म्हणणार नाही; दहा दिवस फोटो खिशात घेऊन फिरणाऱ्याला ती कुठली? त्याने कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्याने फोटो मोठा केला. कोपऱ्यात वेळ होती, दोन वाजून चौदा मिनिटं. विमान पडलं ते दोन अठराला.

"हा तुम्ही तेव्हाच पाहिला होता का?" त्याने विचारलं.

"नाही. घरी गेल्यावर."

अधिकाऱ्याने तसं लिहून घेतलं आणि क्लिफर्डचे आभार मानले. या फोटोमुळे बाकीच्या विमानांची पाती तपासता येतील, म्हणाला. लोकांनी क्लिफर्डची पाठ थोपटली. वेग का वाढवला ते सांगावं लागल्याने हात थरथरतो हे आता सगळ्यांना कळलं होतं आणि कोणीही हसलं नाही. एकानेही नाही.

बाहेर ऑब्रे सायकलपाशी उभा होता. क्लिफर्ड जवळ येईपर्यंत तो थांबला.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला, "बरा आला का म्हणून."

मग सायकलवर बसून तो निघून गेला. सप्टेंबरच्या प्रदर्शनात त्याची शिडी कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला होती.