फोडू का?

मोबाईलच्या दुकानात फोडणं हा रोजचा शब्द आहे. नवा फोन डब्यात येतो, डब्यावर कंपनीचं शील असतं. ते ब्लेडनं कापलं की फोन फुटला. फुटलेला फोन परत जात नाही. शील कापल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, ‘राहू दे, बायकोला विचारतो,’ तर तो फोन सेल्समनच्या गळ्यात पडतो आणि नुकसान पगारातून जातं. म्हणून आमच्यात एक रीत आहे. कापायच्या आधी गिऱ्हाइकाला तीनदा, मोठ्यानं विचारायचं, ‘फोडू का?’ तिन्ही वेळा हो आलं तरच ब्लेड लावायचं.

ही रीत मी साताऱ्यात शिकले, आणि मार खाऊन शिकले. रहिमतपूरजवळच्या गावातून रोज एसटीनं यायचे. दुकान लहान, मालक तापट. पहिल्याच आठवड्यात मी एकदाच विचारून डबा फोडला आणि गिऱ्हाईक उठून गेलं. मालकानं हातातला कॅलक्युलेटर फेकून मारला. भुवईला खोक पडली, तिथे अजून केस उगवत नाहीत. मी तोच कॅलक्युलेटर उचलून त्याच्या शोकेसच्या काचेवर हाणला आणि घरी आले. माझे वडील फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. त्यांनी विचारलं, ‘तू आधी मारलंस का त्यानं?’ मी म्हणाले, ‘त्यानं.’ ‘मग जेव,’ म्हणाले. आमच्या घरात रागाचा न्याय एवढाच होता, आणि मला तो पुरेसा वाटायचा.

पुढे सांगलीला मोठ्या शोरूममध्ये लागले. काचेचं दार, एसी, अंगात सगळ्यांचा एकसारखा टीशर्ट. पगार बारा हजार, वर विकल्या नगावर थोडे पैसे. सकाळी साडेनऊला उभं राहायचं ते रात्री नऊला काउंटर पुसूनच हलायचं. बसायचं नाही. बसलेला सेल्समन दिसला की गिऱ्हाइकाला दुकान ओसाड वाटतं, असं मॅनेजरचं म्हणणं. सगळ्या मजल्यावर खुर्ची एकच, चाकांची, काळी. ती फ्लोअर इन्चार्जची.

बसायला जागा म्हणाल तर बाथरूम. तिथे एक निळी बादली होती. ती पालथी घालायची आणि दाराला पाठ लावून बसायचं. जाताना रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, आल्यावर परत लिहायची. पाच मिनिटांच्या वर झालं की मॅनेजर सगळ्यांसमोर विचारायचा, पोट बिघडलंय का म्हणून. बादलीवर बसलेली एक मुलगी सापडली तेव्हा तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून आम्ही बादली उचलून ठेवायचो, ओढायचो नाही, कारण आवाज बाहेर जातो.

गिऱ्हाइकांचं काय सांगू. हँग झालेला फोन अंगावर फेकणं, कॉलर धरणं, आयबहिणीवरून बोलणं हे आठवड्याचं. मॅच हरली म्हणून एकानं भिंतीवरच्या टीव्हीवर चप्पल भिरकावली होती. हप्ता थकला म्हणून फोन बंद पडलेल्या एका माणसानं माझा हात काउंटरवर दाबून धरला आणि म्हणाला, ‘चालू कर, न्हाईतर बोटं मोडतो.’ मी दुसऱ्या हातानं त्याच्या मनगटाला चावले. मॅनेजरनं मला माफी मागायला लावली. मी मागितली, पण दिवसभर माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

माझ्या शेजारच्या काउंटरला एक जण होता. जतकडचा, मेंढरंवाल्या घरातला. चाळिशीला आलेला, उंच, सावकाश बोलणारा. आवाज मात्र असा भसाडा, की ‘या, बसा’ म्हणाला तरी लहान पोरं दचकायची. माळावर मेंढरांना हाका मारून तो तसा झाला होता. माणूस इतका मऊ, की मी कुणावर तडकले की हळूच माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवायचा. सात वर्षं त्या काउंटरला उभा होता. पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या, पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या दिसायच्या. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला साफ सांगितलं होतं, चाला, बसा, पण उभं राहू नका.

त्याच्या सगळ्या आशा त्या काळ्या खुर्चीवर होत्या. जुना इन्चार्ज सोडून जाणार होता आणि मॅनेजर म्हणाला होता, ‘दिवाळी झाली की खुर्ची तुझी.’ दुकान रिकामं असलं की तो जाता जाता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा. बसायचा नाही. मी चिडवायचे, ‘बसून बघा की, कोण बघतंय?’ तर म्हणायचा, ‘आपली झाल्यावर बसू की.’

दिवाळीआधीचा शनिवार होता, दुपारचे तीन. माझ्या काउंटरला एक गिऱ्हाईक आलं. वाळव्याकडचा ऊसवाला, पस्तिशीचा, गळ्यात सोन्याची साखळी, बरोबर दोन दोस्त. महागातला फोन पसंत केला, रंगही ठरला. मी डबा काढून ब्लेड हातात घेतलं, तेवढ्यात त्याला फोन आला. भावकीतला कुणीतरी होता. बांधावरून सकाळीच मारामारी झालेली दिसली, कारण त्याच्या बोटांची सालं निघालेली होती. ‘ये की, ये, एका बापाचा असशील तर ये,’ असं ओरडत तो आमच्याकडे पाठ करून फिरू लागला. दोस्त बाहेर गाडीशी गेले.

मी सकाळपासून उभी होते. त्यात महिन्याचे दिवस. कंबर तुटत होती, डोळ्यांपुढे ठिपके यायला लागले होते. शेजारच्यानं बघितलं आणि म्हणाला, ‘जा तू, बस जरा. ह्याचं भांडण लवकर मिटत न्हाई. मी बघतो हितलं.’ आपलं काउंटर सोडून दुसऱ्याच्या काउंटरला जायला आम्हाला बंदी होती, गिऱ्हाईक पळवण्यावरून भांडणं व्हायची म्हणून. मला हे माहीत होतं. त्यालाही होतं. मी रजिस्टरमध्ये वेळ न लिहिताच गेले, बादली पालथी घातली आणि बसले.

आतून मला ऐकू आलं. भसाडा आवाज, नेहमीचा. ‘फोडू का?’ उत्तर नाही. मग जरा मोठ्यानं, ‘आवं, फोडू का?’ मला हसू आलं, की हा माणूस जगबुडीलासुद्धा तीनदा विचारेल. मग तिसऱ्यांदा, अख्ख्या माळाला ऐकू जाईल असं, ‘बोला की, फोडू का?’

त्यानंतर काच फुटली.

मी बाहेर पळाले. काच फुटायच्या आधी जे झालं ते त्या उसवाल्यानंच नंतर सांगितलं. कानाला फोन, फोनवर भावकीतला म्हणतोय तुझं डोकं फोडतो, आणि पाठीमागून तोच शब्द. वळून बघतो तर एक उंच माणूस हातात ब्लेड घेऊन उभा. त्याला वाटलं, भावकीनं माणूस पाठवला. त्यानं विचार केला नाही. शेजारच्याला केसांना धरून काउंटरच्या काचेवर आपटलं.

मी पोचले तोवर दोस्तही आत धावले होते. तिघं मिळून मारत होते. तो काचेच्या चुऱ्यात पडलेला, दोन्ही हात डोक्यावर, आणि ते त्याच्या पायांवर लाथा घालत होते. पायांवरच. एक लाथ पोटरीवर बसली आणि शीर फुटली. रक्त इतकं आलं की विजार भिजून फरशीवर ओघळ निघाला. तो ओरडत नव्हता. ‘शील, शील,’ एवढंच म्हणत होता. कुणाला कळत नव्हतं. पंधरा माणसं उभी होती, आमचेच टीशर्ट घातलेली, त्यातल्या दोघांचे मोबाईल वर झालेले.

माझ्या हाताला खुर्ची लागली. दोन्ही हातांनी उचलली आणि त्या उसवाल्याच्या पाठीत घातली. तो गुडघ्यावर आला. परत घातली. चाक निखळून उडालं, खुर्चीची पाठ तुटून माझ्या हातात राहिली, तिच्यानंही हाणलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. भुवईची खोक, दाबलेली बोटं, मागितलेली माफी, सगळं त्या माणसाच्या पाठीवर वसूल करत होते. कुणी धरलं नसतं तर मी थांबले नसते.

मला मागून धरलं तेव्हा कॅशवरचा म्हातारा ओरडला, ‘आवं, शील फोडू का म्हणत हुता त्यो. डब्याचं शील.’

सगळे थांबले. उसवाल्यानं डब्याकडे बघितलं, खाली बघितलं, आणि हसला. खरोखर हसला. त्याचे दोस्तही हसले. ‘आधी सांगायचं की गड्या,’ म्हणाला आणि प्यायला पाणी मागितलं. मी फोन पुसायच्या फडक्यांचा गठ्ठा करून त्या पायावर दाबून बसले होते. फडकी एकामागून एक लाल होत होती, आणि पलीकडे ते हसत होते.

पोलीस आले नाहीत, बोलावलेच नाहीत. शोरूमच्या मालकानं त्यांना चहा पाजला, कव्हर फुकट दिलं. उसवाल्यानं तोच फोन घेतला. बाईच्या हातचा मार खाल्ला हे त्याला कुठेच सांगायचं नव्हतं, म्हणून मिटवामिटवीत माझं नावच आलं नाही. खुर्ची आधीपासून मोडकी होती असं ठरलं.

सोमवारी मॅनेजरनं आम्हा दोघांना आत बोलावलं. शेजारच्याच्या डोक्याला पट्टी, पाय मांडीपर्यंत बांधलेला, आणि तरी तो उभाच. कॅमेऱ्यात आवाज नव्हता, पण तो माझ्या काउंटरला आलेला दिसत होता. मॅनेजरनं एकच प्रश्न विचारला, ‘तू तिच्या काउंटरला काय करत होतास?’

मी तोंड उघडलं असतं तर एवढंच म्हणायचं होतं, की मी आत बसले होते, माझ्यासाठी हा उभा राहिला. एक वाक्य. तीन माणसांवर खुर्ची घेऊन धावणाऱ्या मला ते एक वाक्य काढता आलं नाही. बादलीवर बसलेली ती मुलगी डोळ्यांपुढे आली, घरच्या कर्जाचा हप्ता आठवला, आणि मी मूग गिळून गप्प बसले. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भसाड्या आवाजात म्हणाला, ‘मीच गेलो. गिऱ्हाईक मोठं हुतं, मोह झाला.’

काउंटर सोडलं, गिऱ्हाईक पळवायला गेला, असा शेरा बसला. दिवाळीनंतर त्याला गोडाऊनला टाकलं, डबे मोजायला, तेही उभ्यानंच. महिनाभर तिथे काढला. मग एक दिवस जेवणाचा डबा घेऊन आला, जेवला आणि सगळ्यांना हात जोडून गावी गेला. आता भावाच्या मेंढरांमागं असतो. चालायला डॉक्टरांची ना नाही.

नवीन खुर्ची आली, तशीच काळी. मॅनेजर मला म्हणाला, ‘त्या गिऱ्हाइकाचा फोन तुझ्याच नावावर लागला, महिन्यात तूच पुढे आहेस. तू बस.’ मी बसले. लाज वाटली, पण पायांना इतकं बरं वाटलं की पहिल्या दिवशी मी दोन तास उठलेच नाही.

आता रजिस्टर माझ्याकडे असतं. मजल्यावर कुणी ‘फोडू का’ म्हणत नाही, मी ‘उघडू का’ म्हणायला शिकवलंय. मला वाटायचं, एवढं केलं म्हणजे फेडलं. मग मागच्या पाडव्याला तुडुंब गर्दी, एक मुलगी दहा मिनिटं काउंटरवर नाही. माझं टाळकं फिरलं. मी जाऊन बाथरूमच्या दारावर लाथ घातली. आतून बादली घाईघाईनं सरकल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला, आणि तशीच पाय अवघडून दारापुढे उभी राहिले. ती बाहेर आली, ‘सॉरी मॅडम’ म्हणाली आणि पळाली. मी तिला रागावले नाही. आत जा, बस, असंही म्हणाले नाही.

त्याचा अधूनमधून फोन येतो. मागे मेंढरं ओरडत असतात. त्यानं पहिल्याच फोनला विचारलं होतं, ‘खुर्चीवर कोण बसलं मग?’ मी सांगितलं, पुण्याचा कुणीतरी आलाय. ‘असू दे,’ म्हणाला. तेव्हापासून त्याचं पहिलं बोलणं ठरलेलं असतं, ‘काय गं, पाय कसं हायत? बसायला मिळतंय का न्हाई?’

त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की मी आधी खुर्चीवरून उठते. मग फोन घेते आणि सांगते, ‘न्हाई वो, उभीच हाय.’