मोकळ्या खळ्याची राखण

वडिलांनी मला वडिवळ्याच्या घरात दिली, ती तिथली माणसं दिवस मावळायच्या आत जेवतात म्हणून. केवढं धार्मिक घर, असं ते आमच्या आंबीला परत येऊन सगळ्यांना सांगत सुटले. लग्न होऊन आल्यावर मला कळलं, धर्माचा काही संबंध नव्हता. त्या घरात रातांधळेपण होतं. अंधार पडला की ताटात भाजी कुठे अन् चटणी कुठे, पुरुषांना दिसायचं नाही. आजेसासऱ्यांची चाळिशीच्या आत दिवसाचीही नजर गेली, मग सासऱ्यांची गेली. धाकटे दीर तेवढे सुटले. ते लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी होते. आमच्या ह्यांना दिवसाचं अजून स्वच्छ दिसायचं, पण पुढची पाळी त्यांचीच होती. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना तेव्हा सारं गाव हळहळलं. आमच्या घराला पत्ताही लागला नाही.

हे मला पहिल्या वर्षी फार आवडले, नंतर दिसलेच नाहीत. भाताची रास पडली तसे राखणीला म्हणून खळ्यावर निजायला गेले. रात्री स्वतःचे पाय न दिसणारा राखणदार. चोर आला असता तर ह्यांनी त्यालाच हात धरून घरी सोडायला सांगितलं असतं. भात घरात आलं, खळ्यावर पेंढाही उरला नाही, तरी राखण संपेना. इकडे बायका मला पाळण्याचं विचारायच्या. सासूबाईंनी माझ्याकडून उपास करवून घेतले, मी मुकाट केले. राग मात्र ह्यांचा यायचा.

एका दुपारी मी त्यांना ओसरीवर गाठलं आणि माझं काय चुकलं ते विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "तुजं काय न्हाई. आमच्यातलं हे पोराला द्यायचं न्हाई मला. माज्यापाशी थांबू दे."

मला रडू आलं, कारण ते खरं बोलत होते. आणि मला मूल हवं होतं, तेही खरंच होतं.

सासरे पलीकडे दोर वळत बसलेत हे आम्ही विसरलो होतो. न दिसणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही, असं समजणारे आम्ही शहाणे. हात न थांबवता ते ह्यांना म्हणाले, "तू रांगाय लागलास तवर मला दिसत व्हतं. तुजं त्वांड ठावं हाय मला. धाकल्याचं न्हाई बघितलं. पोरं झाली ह्येचं वाईट वाटत न्हाई, बघायचं ऱ्हायलं ह्येचं वाटतं."

दुसऱ्या दिवशी ह्यांची वाकळ खळ्यावरून घरी आली. तिकडे फार गारठा आहे, असं सासूबाईंना सांगितलं. चैत्र चालू होता.

बाळंतपणाला मी आंबीला गेले. मुलगी झाली. तिची नजर कशी निघेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि मला भीती वाटत होती. बारसं झाल्यावर हे उजाडताच निघून चालत आले. अंगणात उन्हाला बसून त्यांनी तिला मांडीवर घेतलं. चहा आला तसा निवून परत गेला. जावई पोरीला बघतायत की बियाण्याचं भात पारखतायत, असं आई मला आत येऊन म्हणाली. त्यांनी तिचे कान बघितले, नखं बघितली, तिने जांभई दिली तर तोंडात डोकावून बघितलं. ऊन कललं, अंगणभर सावली आली, तेव्हा त्यांनी तिला माझ्या हातात दिली.

"घे," म्हणाले. "पाठ झाली."