कुणी हसलं नाही

एका लेखिकेनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी माइकवरून सांगून टाकली. ती चूक नकळत झाली नव्हती.

आमच्या भागात कथा लिहून कुणाचं पोट भरत नाही. कुणी बँकेत, कुणी एसटीत कंडक्टर, मी कॉलेजात. देवळाली प्रवरेच्या ताईंचं लेडीज टेलरिंगचं दुकान. त्या विनोदी कथा लिहायच्या. श्रीरामपूरच्या कथासंमेलनाला आम्ही एकाच एसटीनं निघालो. वाटेत उसाचा ट्रॅक्टर दिसला आणि त्या बोलून गेल्या, की लहानपणी आईबापाबरोबर त्याही ऊसतोडीला जायच्या. लगेच म्हणाल्या, "सर, हे तुमच्यापाशीच राहू द्या. लोक एकदा कीव करायला लागले ना, मग हसत न्हाईत."

मी मान डोलावली.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. आधी मी माझी कथा वाचली. पहिल्याच रांगेत जांभया. मग ताईंचा परिचय करून देताना मला राहवलं नाही. कोयता, पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, बुडालेली शाळा, सगळं काढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

ताईंनी वाचली ती ब्लाउजच्या बाह्यांवरून भांडणाऱ्या दोन जावांची कथा. ताईंनी आमच्या घरी तीच वाचली तेव्हा माझी बायको पोट धरून हसली होती. इथं सगळे गंभीर. एका गृहस्थांनी तर डोळे पुसले.

परतताना त्या दुसऱ्या सीटवर बसल्या. पुढं त्यांना बोलावणी आली ती फक्त ऊसतोडीचे अनुभव सांगायला. त्यांनी ती नाकारली आणि कथा लिहिणंही सोडलं. हे मला कंडक्टर मित्राकडून कळलं. तरी बरेच दिवस मी ताईंच्या दुकानाच्या रस्त्यानं जायचं टाळत राहिलो.

परवा गेलो.

"या सर. झंपर शिवायचाय का?"

गिऱ्हाईक बाई खुदकन हसली. माफी चारचौघांत मागावी असं ठरवून गेलो होतो. पण त्यासाठी तीच गोष्ट पुन्हा चारचौघांत काढावी लागली असती. ती बाई जाईपर्यंत थांबलो.

"बोला आता," ताई म्हणाल्या. मशीन चालूच होतं.

"ताई, माझी कथा पडली होती. टाळ्यांसाठी मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. तुमच्या कथेवर लोक हसले असते, ते माझ्यामुळं हसले नाहीत. मला माफ करा."